थंड इंजिनावर हात

जुन्या गाड्यांच्या यार्डवाल्याला आधी फोन करायचा नाही, ही मिस्त्रींची पहिली अट. आपण येतोय हे कळलं की तो अर्धा तास अगोदर गाडी चालू करून ठेवतो, आणि गरम इंजिन बरंच काही झाकून नेतं. म्हणून सकाळी आठला, फाटक उघडता उघडताच आम्ही तिघं आत शिरलो. मी, माझा मावसभाऊ आणि मिस्त्री. यार्डातला पोऱ्या गाड्यांवर पाणी मारत होता. तीन टाटा एस ओळीनं उभ्या होत्या. मिस्त्रींनी कुणाला काही न विचारता एकेकीची सीट उचलली आणि खालच्या इंजिनावर तळहात टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा. पहिली गार. दुसरी गार. तिसरीवर त्यांचा हात थोडा जास्त वेळ राहिला.

"ही कोमट हाय," ते म्हणाले. "रविवारी सकाळी आठला हिला कुणी कशाला चालू केली असंल?"

तिसरी तिथंच निम्मी बाद झाली.

मावसभावाचे कबनुरात चोवीस साधे माग आहेत, खर्चीवर चालतात. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि विणलेलं कापडही व्यापाऱ्याचंच. शेड, माग, वीज, कामगार भावाचे, हातात पडते ती विणण्याची मजुरी. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला. त्याची खटखट पुढे गावाची वेस ओलांडून कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळपर्यंत गेली. आज इचलकरंजी कुठं संपली नि कबनूर कुठं सुरू झालं हे पाट्या वाचल्या तरच कळतं, कानांना कळत नाही. या सगळ्या पसाऱ्यात माग तेवढा एका जागी असतो, बाकी सगळं फिरतं. सूत सायझिंगला जातं, तिथून ताण्याचं सूत गुंडाळलेला बीम शेडवर येतो, तागे पेढीवर जातात. हे फिरवणारा छोटा टेम्पो भाड्याचा असतो आणि आपल्याला हवा तेव्हा तो दुसऱ्याच्या दारात असतो.

भावानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला होता. आठवड्याला पाच खेपा, खेपेला साडेतीनशे, वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर भाडं ८७,५०० रुपये. स्वतःची गाडी घेतली तर डिझेल, विमा, पासिंग, टायर, किरकोळ दुरुस्त्या मिळून साठ-पासष्ट हजार. चालवायला घरचाच धाकटा. त्याच्याकडे मोटारीचं साधं लायसन्स आहे. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी त्यावर चालते हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी नक्की केलं. तीन टनांच्या आतल्या मालगाडीला परमिटही लागत नाही. तरीसुद्धा बचत बावीस-सत्तावीस हजारांच्या वर जाईना. त्यासाठी अडीच-पावणेतीन लाख गुंतवायचे, हे काही मला पटलं नव्हतं, आणि मी ते बोललो.

"दादा," भाऊ म्हणाला, "बीम संपून माग उभा राहतो, त्याचं भाडं या कागदावर कुठं लिहू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नव्या गाडीचा हप्ता खर्चीच्या मजुरीतून निघणार नाही, हेही दोघांना ठाऊक होतं. उरली जुनी.

टाटा एस २००५ साली बाजारात आली. दोनच सिलिंडरचं, ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, पाऊण टनाच्या आसपास वजन नेण्याची ताकद आणि बोळातून वळण्याइतकी चण. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं आणि तेच नाव राहिलं. इचलकरंजीच्या गल्ल्यांत, जिथं दोन्ही बाजूंना शेड आणि मधे उघडं गटार, तिथं हिच्यासारखं दुसरं वाहन नाही. म्हणूनच जुन्या एसला आमच्याकडे गिऱ्हाईक कायम असतं, आणि गिऱ्हाईक कायम असलं की बनवाबनवीही कायम असते.

खरं तर जुनं यंत्र पारखणं या भागाच्या रक्तात आहे. गिरण्यांनी टाकून दिलेल्या मागांवर राज्यातली यंत्रमागाची गावं वाढली. अलीकडे परदेशातून वापरलेले शटललेस माग येतात. माग घ्यायला गेलेला आमचा माणूस तो किती वर्षांचा हे शेवटी विचारतो. आधी विचारतो, कुठल्या शेडवर चालला, कुठलं सूत चालवलं, जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, कोण होता. तिन्ही पाळ्या चाललेला पण चांगल्या जॉबरच्या हाताखालचा माग तो आनंदानं उचलतो. दोन वर्षं कुलपात गंजलेला, रंग मारून चकचकीत केलेला माग तो बघतसुद्धा नाही. हाच माणूस गाडी घ्यायला गेला की मात्र बावळटासारखा पहिलाच प्रश्न विचारतो, "किती पळालीय?"

मीही तेच केलं होतं, म्हणून हे अधिकारानं सांगतो. चार वर्षांपूर्वी मी एक सेडान घेतली. पांढरी पाटी, किलोमीटर कमी, आत चांगलं कव्हर. महामार्गावर नेली तर काटा ऐंशीच्या पुढं सरकेना. मला वाटलं इंजिन दमलंय. फिल्टर बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले, पेट्रोलचा पंप बदलला, प्रत्येक वेळी देवाचं नाव घेऊन किणी टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो. काटा ऐंशीवरच. शेवटी याच मिस्त्रींकडे नेली. त्यांनी खाली वाकून पाटीचा स्क्रू ढिला केला. पाटीमागे पिवळ्या रंगाची बोटभर कड दिसली. छतावर कॅरिअरची चार भोकं लांबी भरून बुजवलेली.

"इंजिन दमलेलं न्हाई सर, बांधून ठेवलंय," ते म्हणाले. मी कधी शाळेत शिकवलं नाही, पण चष्मा आहे म्हणून ते मला सर म्हणतात.

ती गाडी टॅक्सी होती. अशा गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक कंपनीतूनच येतो. पुढे ती रीतसर खासगी करून घेतलेली होती, आरसीच्या नोंदींत सगळं होतं. आरसी मी नुसती पाहिली होती, वाचली नव्हती. गाडी वाईट नव्हती, आजही चालते आहे. दीड वर्ष मी तिला भलत्याच रोगाचं औषध देत होतो, एवढंच.

तर यार्डातल्या तीन एस. पहिली विटा वाहणारी. तिच्याभोवती मिस्त्री एक फेरी मारून आले, कमानपाटे पाहिले. बाक गेलेला, पाटे जवळजवळ सरळ, चेसीला मागच्या बाजूला वेल्डिंगचा ताजा डाग. "हिनं तिच्या वाटणीचं उचलून झालंय," म्हणून सोडली. ती त्यांनी चालूही केली नाही.

कोमट लागलेली तिसरी सर्वांत देखणी होती. फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली. मिस्त्रींच्या खिशात स्पीकरमधून काढलेलं एक लोहचुंबक असतं. ते त्यांनी दाराच्या खालच्या अंगाला लावलं, पडलं. चाकाच्या कमानीला लावलं, पडलं. जिथं पत्रा नाही, नुसती लांबी आहे, तिथं चुंबक कशाला धरेल? ओढून आणलेल्या गाड्यांबद्दल त्यांचं एक सरळ गणित आहे. ज्याला हप्ता भरायला पैसे नव्हते, त्यानं ऑइल बदलायला पैसे कुठून आणले असतील? सगळ्याच अशा नसतील, मीही मान्य करतो, पण हे गणित ऐकल्यापासून मला त्यात खोट सापडलेली नाही.

उरली मधली. २०१९ ची, पांढरी, पिंपरी-चिंचवडची, पाटीवर एमएच १४. एका पार्सल कंपनीच्या ताफ्यात धावलेली. हौद्यावरचं नाव खरवडून काढलं होतं, पण ऊन न लागलेल्या जागी अक्षरं सावलीसारखी उमटून राहिली होती. मीटर १,३१,००० च्या वर. भावाचा चेहरा पडला. मिस्त्रींचा खुलला.

"सहा वर्षांत एवढं पळालीय, म्हंजे मीटर मागं घेतलेला नसावा. कमी दाखवला असता तर मी जास्त घाबरलो असतो."

मग त्यांनी ड्रायव्हरचं दार धरलं. ते वर उचलून लोटल्याशिवाय लागत नव्हतं, बिजागऱ्या खाली बसल्या होत्या. क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, शेजारच्या ॲक्सिलेटरचं मात्र अजून खरबरीत. उजवी सीट खड्ड्यासारखी, डावीचा फोम नवाकोरा. डॅशबोर्डखाली तीन वायरी कापलेल्या. तिथं ट्रॅकर असणार, विकताना कंपनीनं काढून घेतला. हे सगळं ते मोठ्यानं बोलत गेले आणि आमच्यासमोर त्या गाडीचा दिवस उभा राहिला. एकटा ड्रायव्हर, शेजारी कुणी नाही. दोन-दोनशे मीटरवर थांबायचं, उतरायचं, पार्सल द्यायचं, चढायचं. दार दिवसातून शंभर वेळा उघडायचं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जन्म गेला. अशा कामात क्लच जातो, स्टार्टर जातो, ब्रेक झिजतात, दारं लोंबतात. पण पार्सल जागा खातं, वजन देत नाही. त्यांनी खाली सरपटत जाऊन पाटे पाहिले. छान बाक. चेसी सरळ, कुठं वेल्डिंग नाही. हाऊसिंगला ऑइलची ओल नाही.

किलोमीटरचा आकडा एकच असतो, त्यामागचं काम वेगवेगळं. विटांचे पन्नास हजार आणि पार्सलचे दीड लाख यांत मिस्त्री दुसरे घेतात. पाण्याचे जार वाहणारी असेल तर हौद्याचा तळ आधी बघतात, तो सडलेला असतो. शहरात एसी लावून गिऱ्हाइकाची वाट बघत उभी राहिलेली टॅक्सी मीटरवर तरुण दिसते, इंजिन मात्र उभ्या उभ्या म्हातारं झालेलं असतं.

गाडी चालू केली. पहिल्या झटक्याला काळा भपकारा आला, लगेच विरळ झाला. डिझेलला एवढं माफ. निळा धूर टिकला तर ऑइल जळतंय, पांढरा टिकला तर पाणी आत जातंय, हे आता मलाही पाठ झालंय. मिस्त्रींनी ताग्याची एक पांढरी चिंधी सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. आमच्या गावात चिंधीला तोटा नाही. चिंधीवर कोरडी काजळी आली, तेलाचे ठिपके नाहीत. मग ऑइल भरायचं झाकण उघडून तिथंच उलटं ठेवलं. बॅक कॉम्प्रेशन असेल तर ते झाकण थुईथुई नाचतं किंवा उडूनच जातं. हे नुसतं थरथरत राहिलं.

आता आवाज. आणि इथं अडचण आली, कारण यार्डाच्या पाठीमागच्या शेडमध्ये माग चालू होते. इंजिनाची ठकठक कुठली आणि मागाची कुठली, मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावूनही समजेना. पण भाऊ एकदम म्हणाला, "एक ठोका हलका पडतोय." मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं चोवीस मागांच्या गदारोळात कुठला माग बिघडला हे पाठमोरं ओळखणारा माणूस तो. दोन सिलिंडर म्हणजे त्याच्या कानाला काहीच नाही. गाडी मागांच्या आवाजाबाहेर नेऊन मिस्त्रींनी पुन्हा स्क्रूड्रायव्हर लावला. "नोझल काढून तपासायला लागंल एका बाजूचा," ते म्हणाले. म्हणजे भावाचं बरोबर होतं. दिवसभर तो त्या आनंदात होता.

रिकामी गाडी चालवून बघणं मिस्त्रींना मान्य नाही. रिकामा टेम्पो सगळेच चालवतात, म्हणे. यार्डवाला कुरकुरला, शेवटी पोऱ्याला सोबत बसवून गाडी दिली. भावाच्या शेडवरून सुताची बाचकी हौद्यात टाकली आणि आळत्याजवळच्या रामलिंगाचा चढ गाठला. डोंगराच्या पोटातल्या त्या देवळाला मी लहानपणापासून जातोय, श्रावणात गर्दीत, एरवी सहलीला. त्या चढावर क्लचची परीक्षा होते हे ठाऊक नव्हतं. तिसऱ्यात इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही असं झालं तर क्लच घसरतोय. तसं झालं नाही. उतरताना मात्र ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. पोऱ्या खिडकीबाहेर बघत राहिला. वर पोचल्यावर रेडिएटरचं पाणी, परत आल्यावर टायर. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढचे दोन्ही २०२३ चे निघाले, मागचे रिसोल केलेले. नोझल, ब्रेक, मागचे टायर, दाराच्या बिजागऱ्या: मिस्त्रींनी बोटांवर मोजत बत्तीस हजारांचा खर्च सांगितला.

लोखंड झालं. आता कागद. माझ्या मते खरी गाडी कागदातच असते, पण मिस्त्रींना हे पटत नाही, म्हणून तो विषय माझ्याकडे.

ताफ्यातल्या गाडीचा मोठा फायदा हाच की तिची फाईल असते. घरगुती मालक बिलं जपत नाही. कंपनीला ती हिशेबाला लागतात. यार्डवाल्यानं तासाभरानं फाईल काढली. क्लचप्लेट दोनदा, स्टार्टर एकदा, ब्रेकलायनर पाचदा. दार आणि पॅडल जे सांगत होते तेच बिलं सांगत होती. मग मी गाडीचा नंबर टाकून चलनं बघितली. अकरा थकलेली, अकराच्या अकरा नो पार्किंगची. पार्सलवाल्याचं पोट त्यावरच चालतं. चलन म्हणजे डोक्याला ताप असं आपण धरतो, पण ती वाचायला छान असतात. त्या तारखा आणि ठिकाणं लावली तर गाडी कुठं, कधी फिरली याची रोजनिशी तयार होते. ही पिंपरी-चिंचवडच्या बाहेर गेलेली दिसली नाही आणि ओव्हरलोडचं एकही चलन नव्हतं.

यार्डवाला म्हणाला, "सह्या झालेले कोरे फॉर्म आहेत, नाव तुमचं घाला." हे ऐकलं की मी सावध होतो. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर कंपनीच्या माणसाची सही लागते, आणि ती सही करायचा अधिकार त्याला आहे असं कंपनीचं पत्रही लागतं. सही करणारा नोकरी सोडून गेला असेल तर पुढची पळापळ आपली. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात आली की तशी नोंद करायची, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. ते अधिकारपत्र बघायला मागितलं तर त्यानं दाखवलं. तिथं मला तो माणूस जरा आवडला. बाकी स्टॅम्पपेपरवरच्या करारनाम्यानं मालकी बदलत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून तोच जबाबदार. नाव लागलं की चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करायला अर्ज टाकावा लागतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

पासिंग पुढच्या वर्षापर्यंत होतं. आठ वर्षांपर्यंत ते दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी, आणि आठ वर्षं झाली की पर्यावरण करही. हे भावानं कॅलेंडरच्या हिशेबात वाढवून घेतलं.

आणि मग आरसीवर ती ओळ दिसली. गाडीवर बोजा आहे. कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटलं, असं यार्डवाला म्हणाला, ते खरंही असेल. पण बोजा उतरवायला कर्ज देणाऱ्यानं सही केलेला फॉर्म ३५ लागतो, आणि तो फाईलमध्ये नव्हता. "येईल की आठ दिवसांत," तो म्हणाला.

भाव २ लाख ८५ हजार सांगितला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवी एस स्वस्त झाली. जुनीचा भाव मात्र यार्डात उन्हाळ्यातलाच चालला होता. भावानं ते काढलं, मिस्त्रींनी बत्तीस हजार काढले, मी अकरा चलनं काढली. दोनदा उठून निघालो, दोनदा चहा आला. २ लाख ३२ हजारांवर थांबलं, चलनं त्यानं भरायची.

मिस्त्रींना शेवटचं विचारलं. त्यांनी हात पुसले. "गाडी घ्या. पैसे देऊ नगा." म्हणजे फॉर्म येईपर्यंत.

पाच हजार टोकन दिलं. यार्डाच्याच लेटरहेडवर लिहून घेतलं की महिन्याभरात फॉर्म ३५ आला नाही तर टोकन परत. आज सतरावा दिवस आहे. भाऊ अजून भाड्याच्या टेम्पोची वाट बघतो आणि परवा बीमवाचून दोन माग अर्धी पाळी उभे राहिले. गाडी यार्डातच आहे. यार्ड कुठलं ते मात्र विचारू नका. फॉर्म हातात पडेपर्यंत मी सांगणार नाही.